मूठभर तांदूळ

बल्लारपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पत्र्याचा डबा आहे. मुळात तो पंधरा किलो तेलाचा. वरची बाजू कापून, कडा ठोकून, त्यावर झाकण बसवून घेतलेले आहे. रोज सकाळी भातासाठी तांदूळ मोजून घेतले की आधण ठेवण्यापूर्वी त्यांतील एक मूठ त्या डब्यात पडते. वर्षभरात डबा भरत येतो. पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास आम्ही तो धर्मभगिनींच्या वसतिगृहात नेऊन रिकामा करतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्या मुठीने सुरुवात होते.

वरवर पाहता ही गोष्ट लिहिण्याजोगी नव्हे. मूठभर धान्य बाजूला काढणारी घरे महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्यांतील कोणीही त्याचा गाजावाजा करीत नाही. परंतु ह्याच डब्याने एकदा आमची परीक्षा पाहिली आणि त्या परीक्षेत आम्ही उत्तीर्ण झालो नाही. देवावर भरवसा ठेवणे आणि त्याची मनोभावे सेवा करणे ह्या दोन गोष्टींविषयी आम्ही पुष्कळ ऐकले होते, प्रार्थनासभेत त्यांवर बोललोही होतो. त्या दोहोंचा एकमेकींशी काय संबंध आहे हे मात्र आम्हांला ह्या डब्याने शिकविले. म्हणून ही हकीकत.

२०१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात पोप फ्रान्सिस ह्यांनी केरळचे फादर कुरियाकोस एलियास चावरा ह्यांना संतपद बहाल केले. आमच्या चांदा धर्मप्रांताला त्या घटनेचे अप्रूप असणे स्वाभाविक होते. चावरा आणि त्यांच्या वडीलधाऱ्या सोबत्यांनी १८३१ साली मन्नानम येथे ज्या संन्यासी संघाची मुहूर्तमेढ रोवली, त्या कार्मेलाईट संघाच्या धर्मगुरूंकडेच १९६२ साली ह्या भागातील मिशनकार्य सोपविण्यात आले होते. तेव्हा ह्या जिल्ह्याचे नाव चांदा होते आणि गडचिरोली त्याचाच एक भाग होता. गडचिरोलीचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. मल्याळम मातृभाषा असलेली ती माणसे समुद्रकाठचा आपला मुलूख सोडून ह्या सागवानाच्या आणि बांबूच्या रानात आली, येथली भाषा शिकली, येथल्या वैशाखात तापली आणि येथलीच झाली. १९७७ साली धर्मप्रांत स्थापन झाला आणि पहिले महागुरू जनुआरिउस पालातुरुत्ती ह्यांचे आसन आमच्या बल्लारपुरात आले.

संतपदाच्या त्या सोहळ्यानिमित्त आमच्या धर्मगुरूंनी प्रवचनात चावरांची एक गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १८०५ सालचा, कुट्टनाडमधला. कुट्टनाड म्हणजे पाणथळ भातशेतीचा प्रदेश. शिकण्याचा अधिकार ज्यांना कोणी देत नव्हते अशा गोरगरिबांच्या मुलांना चावरांनी शाळेत बोलाविले. पण उपाशी मूल धड्याकडे लक्ष कसे देणार? तेव्हा त्यांनी घरोघरच्या माउल्यांना विनंती केली की, भात शिजविण्यापूर्वी एक मूठ तांदूळ बाजूला काढावेत. त्या मुठींतून मुलांचे दुपारचे जेवण शिजू लागले. केरळात ह्या रीतीला ‘पिडियरी’ म्हणतात. पिडियरी म्हणजे मूठभर तांदूळ. चावरांपाशी जमीनजुमला नव्हता, खजिना नव्हता. परंतु जी भूक भागविण्यास देव आपल्याला सांगतो आहे, तिच्यासाठी लागणारे अन्न त्याने आधीच कोठेतरी ठेवलेले असते आणि ते आसपासच्या चुलींजवळच असते, अशी त्यांची श्रद्धा असावी.

त्या रविवारी घरी येऊन आम्ही तेलाचा डबा घासून पुसून ठेवला.

झाडीपट्टीत राहणाऱ्याला तांदळाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर धान हेच जीवन. पहिल्या पावसात पऱ्हे टाकायचे, बांधीत चिखल करून रोवणी करायची आणि मग बोडीकडे, तलावाकडे नि आभाळाकडे पाहत राहायचे. येथला शेतकरी घरात खाण्यापुरते असो वा नसो, बियाण्याचे धान मोडीत नाही. भुकेल्या पोरांसमोर ते धान चिखलात फेकताना त्याच्या मनाचे काय होत असेल? देवावरील भरवसा म्हणजे काय हे ज्याला पाहायचे असेल त्याने मृग नक्षत्रात बांधीच्या धुऱ्यावर जाऊन उभे राहावे.

आणखी एक दृश्य आमच्या मनावर कोरलेले आहे. काही वर्षांपूर्वी चैत्रात धर्मभगिनींच्या आरोग्य शिबिराला मदतनीस म्हणून आम्ही गडचिरोलीच्या आतल्या भागात गेलो होतो. पहाटे जाग आली ती पाचोळ्यातील पावलांच्या आवाजाने. बाहेर येऊन पाहतो तो मोहाची झाडे जणू टपटप गळत होती. रात्री उमललेली ती पिवळसर, रसाळ फुले पहाटेपासून सकाळपर्यंत आपोआप खाली येत होती आणि गावातल्या बायका-पोरे टोपल्या घेऊन ती वेचीत होती. आम्हांला एकदम अरण्यातील मान्ना आठवला. इस्राएल लोकही असेच सकाळी उठून आकाशातून पडलेले अन्न वेचीत असतील! आम्ही तसे म्हणूनही गेलो की, देवाचे देणे किती सहज मिळते. परंतु जरा वेळ वाकून त्या बायकांबरोबर फुले वेचू लागलो तेव्हा कंबरेने आमचे अज्ञान दाखवून दिले. देणे सहज होते. घेणे मात्र पहाटेच्या काळोखात उठल्यावाचून आणि शंभर वेळा वाकल्यावाचून होत नव्हते.

एका म्हाताऱ्या आजीची टोपली भरली आणि ती उठली. झाडाखाली अजून बरीच फुले होती. ती का सोडलीत, असे आम्ही विचारले. ती हसून म्हणाली, “सगडे वेचाचे नसतात जी. रानातल्या जीवायलेही लागतात.” मोहाची फुले हरणे खातात, अस्वले खातात, हे तिला ठाऊक होते. तिच्या घरात वर्षाचे धान्य भरलेले होते म्हणून ती असे बोलत होती, असे नव्हे. तिच्या पातळाकडे पाहिले तरी ते कळत होते. आम्ही ते वाक्य वहीत लिहून घेतले. पुढे ते आम्हांलाच उलटून विचारले जाणार आहे ह्याची तेव्हा कल्पना नव्हती.

२०२० सालचा मार्च महिना कोणीच विसरलेले नाही. २५ मार्चपासून सगळा देश बंद झाला. रात्रंदिवस गाड्यांचा राबता असलेले आमचे बल्लारशाह स्थानक मुके झाले. चर्चची दारे मिटली आणि मिस्सा मोबाईलच्या काचेवर पाहण्याची पाळी आली. आम्ही जेथे नोकरी करीत होतो तेथून निरोप आला की, ह्या महिन्यात अर्धाच पगार होईल आणि पुढचे पुढे पाहू. घरात म्हातारी आई, शाळेत जाणारी दोन मुले, घराच्या कर्जाचा हप्ता. आम्ही उभयतां रात्री वही घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. गहू इतके, डाळ इतकी, तांदूळ इतके. त्या हिशेबात ओट्याखालचा डबाही आला. तो भरत आलेला होता. बारा-तेरा किलो सहज. “वेळ आलीच तर हाही आहे,” हे वाक्य आम्हां दोघांपैकी कोणाच्या तोंडून आधी निघाले ते आज आठवत नाही. मनात ते दोघांच्याही होते.

त्याच दिवसांत तेलंगणातून मजुरांचे तांडे परतू लागले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून दरवर्षी हजारो माणसे मिरची तोडण्यासाठी तिकडे जातात. धानाचा एक हंगाम संपला की हाताला दुसरे काम नसते. मिरची तोडून मिळालेल्या पैशावर आणि कधी मिरचीवरच त्यांचे पुढचे काही महिने निघतात. टाळेबंदीत तोडणी थांबली, वाहने थांबली आणि ती माणसे चालू लागली. रस्त्यांवर पोलीस अडवितात म्हणून कोणी रुळांच्या कडेने, कोणी नदीच्या पात्रातून, कोणी रानवाटांनी. डोक्यावर बोचके, काखेत मूल, पायांत तुटलेल्या चपला.

झावळ्यांच्या रविवारनंतर, पवित्र सप्ताहातच, धर्मभगिनींचा फोन आला. वाटेवरच्या लोकांसाठी भात शिजवीत आहोत, परंतु साठा संपत आला आहे. ह्या वर्षीचे डब्यातील तांदूळ लवकर मिळतील का? आम्ही उत्तरलो, “सिस्टर, अजून फारसे जमले नाहीत. सण होऊ द्या, मग पाहू.”

ते खोटे होते. फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. गुरुवारी प्रभुभोजनाचा विधी आम्ही मोबाईलवर पाहिला. शुक्रवारी क्रूसाची वाट केली. रविवारी मेणबत्त्या लावल्या, पुनरुत्थानाचे गीत गायिले. डबा ओट्याखाली मिटलेलाच होता. देव आमची काळजी घेईल अशी प्रार्थना आम्ही त्या आठवड्यात जितक्या वेळा केली तितकी आयुष्यात कधी केली नसेल. आणि काळजी घेण्यासाठी त्याने आमच्या हाती जे दिले होते त्यावर आम्ही झाकण लावून बसलो होतो.

सण होऊन आठवडा उलटला आणि एक बातमी वाचनात आली. गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील बारा वर्षांची एक आदिवासी मुलगी तेलंगणातील मिरचीच्या शेतातून घराकडे पायी निघाली होती. तीन दिवस ती आपल्या माणसांबरोबर रानावनांतून चालत राहिली आणि गाव थोड्याच अंतरावर राहिले असताना १८ एप्रिलला वाटेतच कोसळून मरण पावली.

आमची धाकटी तेव्हा अकरा वर्षांची होती.

अशा बातमीपुढे ‘देव पुरवितो’ हे शब्द उच्चारणे कठीण होऊन बसते. आकाशातल्या पाखरांची काळजी वाहणारा स्वर्गीय पिता त्या लेकराच्या वाटेवर कोठे होता, हा प्रश्न आम्ही विचारला आणि तो विचारण्यात पाप आहे असे आम्हांला आजही वाटत नाही. स्तोत्रकर्त्यांनीही असे प्रश्न विचारलेले आहेत. त्याचे संपूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. पण त्या रात्री प्रश्न आपोआप वळून आमच्याकडे आला. ती मुलगी आमच्या गावावरून गेली नव्हती, तिची वाट वेगळी होती. आमच्या तांदळांनी ती वाचली असती असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु आमच्या गावावरून तिच्यासारखी शेकडो मुले गेली होती आणि त्यांच्यासाठी देवाने केलेली तरतूद आमच्या ओट्याखाली येऊन अडली होती. रानातून वाट चालणाऱ्या त्या सगळ्यांना अशा किती झाकणांपाशी थांबावे लागले असेल? देवाच्या पुरवठ्यात उणे पडले असे म्हणण्याआधी आपण आपल्या घरातले डबे उघडून पाहावेत, एवढे आम्हांला त्या रात्री समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डबा बाहेर ओढला. झाकण काढले तो तांदळांत टोके झाले होते. उन्हाळ्यात तसे होतेच, त्यात चमत्कार नाही. तरीही मान्नाची गोष्ट आठवल्यावाचून राहिली नाही. उद्याच्या धास्तीने ज्यांनी तो साठवून ठेवला त्यांच्या भांड्यांत सकाळी किडे पडले होते. मोहाच्या झाडाखालची ती आजीही आठवली. आम्ही अंगणात चादर पसरली, तांदूळ उन्हात घातले, चाळले, निवडले आणि दुपारी पिशव्यांत भरून पायीच वसतिगृहाकडे निघालो. वाटेत पोलिसांनी अडविले. तांदूळ पाहून सोडून दिले.

सिस्टरांना आम्ही सारे खरे सांगितले. त्या रागावतील अशी आमची अपेक्षा होती. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही डबा मोजला. आम्ही त्या रात्री पोती मोजत होतो. आमच्या मुलींना पुढच्या महिन्यात काय घालायचे, हा विचार आम्हांला पण आलाच ना.” मग त्यांनी पिशव्या उचलल्या आणि त्या मोठ्या पातेल्याकडे वळल्या. भीती वाटणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे आम्ही समजत होतो. भीती त्यांनाही वाटली होती. फरक एवढाच की, पोती मोजून झाल्यावर त्यांनी आधण ठेवले होते.

येथे कोणी वाचक विचारील की, पुढे काय झाले? तुमचा डबा पुन्हा भरला का? पगार परत मिळाला का? काही प्रार्थनासभांतून सांगतात की, देवाला एक द्या, तो दहा परत करील. आमच्या बाबतीत तसे काही घडले नाही. पगार पुढे काही महिने अर्धाच राहिला. आम्हांला दोन बांगड्या विकाव्या लागल्या. आईचे एक औषध महिनाभर लांबणीवर टाकावे लागले, त्याची खंत आजही आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने उधारीची वही बंद केली नाही. शेजारच्या घरातून अंबाडीची भाजी आली, कधी तुरीच्या शेंगा आल्या. रोजची भाकर रोज मिळाली. उद्याची आज मिळाली नाही. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण एवढेच मागतो, हे पूर्वी ध्यानात आले नव्हते.

जुन्या करारातील सारफथच्या विधवेची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि बुधलीत थोडे तेल उरले होते. त्यातून शेवटची भाकर करावी, आपण आणि मुलाने खावी, मग मरावे, असे तिने ठरविले होते. एलिया संदेष्ट्याने तिच्याकडे तीच भाकर मागितली. तीही आधी आपल्यासाठी. पूर्वी ही मागणी आम्हांला कठोर वाटे. आता वाटते की, त्या ‘आधी’मध्येच सगळे सार आहे. उरलेले देणे म्हणजे दान; तेही चांगलेच. पण आधण ठेवण्यापूर्वी काढलेली मूठ ही निराळी गोष्ट आहे. ती काढताना दिवस कसा जाईल ते माहीत नसते. मनोभावे सेवा म्हणजे काही मोठा पराक्रम असेल असे नाही. दिवसाची पहिली मूठ देवाची, असे ठरविणे आणि पोटात भीती असतानाही ते मोडू न देणे, एवढेच बहुधा त्याने आपल्याकडे मागितले आहे.

आमच्या ह्या दोन जिल्ह्यांनी तर अशी माणसे डोळ्यांदेखत पाहिली आहेत. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे आणि साधनाताईंनी मोजके कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवनाला आरंभ केला, ही कथा चंद्रपुरातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. १९७३ साली भामरागडच्या रानात हेमलकसा येथे लोकबिरादरीचे काम सुरू झाले. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे गेले तेव्हा ना वीज होती, ना धड रस्ता, ना रुग्णालयाची इमारत. ही माणसे ख्रिस्ती नव्हेत. परंतु सर्व साधनांची जुळवाजुळव झाल्यावर सेवा करू, असे ती म्हणत बसली नाहीत. आपल्या मिशनच्या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनीही येथल्या रानात पाऊल टाकताना पुढच्या वर्षाची शिदोरी बरोबर आणली नव्हती. ज्याचे नाव आपण रोज घेतो त्याच्यावर विसंबण्याचे धैर्य आपल्यापाशी त्यांच्याहून कमी असावे, ही लाजेची गोष्ट ठरेल.

आम्ही मात्र स्वतःला त्या मालिकेत बसवीत नाही. आम्ही खोटे बोललो, दोन आठवडे तांदूळ लपवून ठेवले आणि एका लेकराच्या मरणाची बातमी वाचल्यावर जागे झालो. ते कोणाच्या अनुकरणासाठी लिहिलेले नाही. परंतु प्रापंचिक माणसाचा भरवसा बहुधा असाच असतो. तो मध्येच खचतो आणि कोणीतरी हात दिला की पुन्हा उभा राहतो.

त्या वर्षापासून आमच्या घरात एक लहानसा बदल झाला आहे. डबा आता वर्षभर साठवीत नाही. महिनाअखेरीस जेवढे तांदूळ जमतील तेवढे नेऊन देतो. त्यांना टोके लागायला वेळच मिळत नाही. आई आता नाही. शेवटच्या दुखण्यातही ती सकाळी अंथरुणातून विचारायची, “मूठ काढली का?” आणि हो म्हटल्यावर डोळे मिटून घ्यायची.

आज सकाळीही तांदूळ मोजून घेतले. एक मूठ डब्यात पडली. पत्र्यावर दाणे पडल्याचा आवाज झाला, आणि मग आम्ही आधण ठेवले.